पाचव्या दिवसाआधी

रतनबाई : उठ आधी त्या पलंगावरनं. मने, उठ म्हनते ना.

डॉक्टर : अहो रतनबाई, तपासायला मीच झोपवलंय तुमच्या मुलीला.

रतनबाई : तुमाला ठाव न्हाई बाई. तुमी इचारलं म्हनून मला आत्ता कळतंय. ही बाहेरची हाय.

मनकर्णा : कालपासून. कंदील लावायच्या वेळेपासून.

रतनबाई : काल गुरुवार हुता. बाबांच्या निवदाच्या पोळ्या तू लाटल्यास.

मनकर्णा : लाटल्या. ओठ चावून लाटल्या. आत्यानं मागून मागून खाल्ल्या, तिचं पोट काही दुखलं नाही. दुखतंय ते माझंच.

रतनबाई : शी. कसली गं पोर तू. देवाच्या निवदाला शिवलीस, आन यष्टीत राहात्यापासनं नगरपतूर माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस.

मनकर्णा : मग काय टपावर बसू?

डॉक्टर : भांडण नंतर. मनकर्णा, गुडघे वर घे. इथं दाबलं तर?

मनकर्णा : आई गं. तिथंच, तिथंच.

डॉक्टर : आणि उजवीकडं?

मनकर्णा : तिथं जरा कमी. पण कमरेत कुणीतरी पहार घालून फिरवतंय असं वाटतं.

डॉक्टर : या दिवसांत संडासला बसल्यावर दुखतं?

रतनबाई : बाई, असलं घान काय इचारता पोरीला.

मनकर्णा : दुखतं. डोळ्यांपुढं अंधारी येते. मागच्या महिन्यात तशीच भिंत धरून बसले होते. हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, सांगितलं तर आणखी एक शी ऐकावी लागेल.

डॉक्टर : आधी कुणाला दाखवलं होतं?

रतनबाई : दाखवलं की. तालुक्याच्या डाक्टरला किती डाव नेलं. दर टायमाला म्हनले, हिला कायबी झालेलं न्हाई.

मनकर्णा : ते माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. माझ्या वडलांशी, बापूंशी उसाच्या गप्पा मारत माझं मनगट धरतात आणि म्हणतात, वयात आल्या की पोरी नाटकं करतात, लग्न लावून द्या, थांबेल. मग देवऋषी झाला. त्यानं लिंबू चावून माझ्या तोंडावर फुंकलं. त्याची थुंकी गालावरून ओघळत होती, आणि पुसायची नाही म्हणे, गुण जातो. मी घरी येऊन तोंड राखेनं घासलं.

डॉक्टर : या सगळ्यांकडं नेलं ते दुखत असतानाच ना?

रतनबाई : दुखत असताना कशी नेनार? पाचव्या दिवशी डोक्यावरनं न्हाऊ घातल्याबिगर मानसांत कशी आनायची? गाडीत चार मानसं असत्यात, डाक्टरबी हात लावनार. आमच्यात चालत न्हाई.

डॉक्टर : म्हणजे न्हाणं झालं की मग दवाखाना.

रतनबाई : व्हय. धुतलेलं लुगडं नेसवून नेतो. लई जपतो आमी ह्या बाबतीत.

डॉक्टर : आणि पाचव्या दिवशी हिला दुखत असतं?

रतनबाई : तवा कुठलं. तवर थांबलेलं असतं.

डॉक्टर : मग त्या दिवशी डॉक्टरला सापडणार काय?



मनकर्णा : म्हणून लपवलं, आई. लपवलं नसतं तर आत्ता खोपटात पोत्यावर लोळत असते आणि तू लांबून भाकरी टाकली असतीस. मांजर येऊन माझ्या अंगावर झोपतं, मग उठून घरात जातं, चुलीपाशी बसून दूध पितं. ते चालतं. मांजराला कुणी शी म्हणत नाही. माझी फडकी मात्र पोत्याखाली वाळवायची, सूर्याला दिसू नयेत म्हणून. ओलीच राहतात. तो वास नाकातून जात नाही, वर्गात बसले तरी येतो. मला त्या खोपटाची किळस आहे. माझी नाही.

रतनबाई : गप बस. लोकांत काय बोलावं ह्याचं भान न्हाई.

मनकर्णा : लोक कुठं आहेत? आपण तिघीच आहोत.

डॉक्टर : रतनबाई, बसा त्या खुर्चीवर. नीट ऐका. गर्भाच्या पिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसंच कधी कधी पिशवीच्या बाहेर, पोटात वाढतं. पाळी आली की तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. आतल्या आत साचतं, आतडी एकमेकांना चिकटतात. तसलं काही असावं असा मला संशय आहे.

मनकर्णा : त्याला नाव आहे?

डॉक्टर : एंडोमेट्रिऑसिस.

मनकर्णा : एवढं लांब? ऐकलंस आई, नाटकाला एवढं लांब नाव असतं का?

डॉक्टर : संशयच म्हणते आहे मी. नुसत्या हातानं खात्री होत नाही. पुण्याला एक बाई आहेत, याच दुखण्याच्या जाणकार. त्या दुखत असतानाच तपासतील, लागलं तर पोट उघडून बघतील.

रतनबाई : पोट उघडून? आवो, आत्याबाईंनी देवळालीचं स्थळ आनलंय. लगीन झालं की थांबतं म्हनत्यात सगळे.

डॉक्टर : लग्न म्हणजे औषध नव्हे. इलाज न करता दिलीत तर तिकडंही हेच दुखणं. नवऱ्याजवळ जाताना दुखेल, मूल राहायलाही कदाचित अडचण येईल. मग तिकडची माणसं काय करतील ते तुम्हीच सांगा.

रतनबाई : टाकत्याल तिला.

मनकर्णा : टाकायच्या आधी खोपटात ठेवतील. खोपट तिकडंही असणारच.

डॉक्टर : मी पुण्याला कळवून ठेवते. पुढच्या खेपेला दुखायला लागलं की त्याच दिवशी निघायचं. पाचव्या दिवसाची वाट बघायची नाही.

रतनबाई : आत्याबाई उंबरा वलांडू देनार न्हाईत.

मनकर्णा : मी बोलते बापूंशी. मला तोंड आहे.

रतनबाई : तुजं तोंड ऱ्हाऊ दे. तू बोललीस की घरात आग. मी बोलते.

मनकर्णा : तू काय सांगणार?

रतनबाई : जे हाय ते. बाई, एक इचारू का? तिथं पुन्याला हिला कोपऱ्यात न्हाई ना बसवत?

डॉक्टर : नाही. सगळ्यांसारखी खाटेवर.

रतनबाई : आन जवळ गेलेलं चालतं? हात लावलेला?

डॉक्टर : चालतं.

रतनबाई : मंग मी ऱ्हाते तिच्यासंगं. पाठ चोळायला कुनीतरी पायजेच.