टीव्हीकडे पाठ

...आणि वरून मलाच विचारतात, मारोतराव, खुनी कोण होता? मला काय माहीत? सकाळी नळावर जावं तर तुळजाबाई घागर बाजूला ठेवून विचारते, खुनी कोण? पानठेल्यावर जावं तर बाबूलाल पानाला चुना लावता लावता विचारतो, खुनी कोण? विचारतात म्हणजे माहिती हवी म्हणून नाही. दम देतात. जसा काही खून मीच केला. चाळीस माणसं अडीच तास चटईवर बसली आणि ऐन वेळी त्यांचा खुनी हुकला, आणि हुकवला कोणी, तर मारोतरावानं. ज्यानं दोन वर्षं टीव्हीकडे ढुंकून पाहिलं नाही, त्या माणसानं!

आता हे ढुंकून न पाहणं काय आहे, ते आधी ऐका.

नागपुरात टीव्ही दिसायला लागला तेव्हा आमच्या मोहल्ल्यानं वर्गणी करून एक आणला. काळा-पांढरा. ठेवायचा कुठं? कोणाच्या घरी ठेवला तर ते घर मोहल्ल्याचं मालक होऊन बसणार. म्हणून आखाड्याच्या खोलीत ठेवला, लाकडी कपाटात, कुलूप लावून. मग किल्ली कोणाजवळ? यावर तीन बैठका झाल्या. सिनेमाचं वेड असलेल्याच्या हाती दिली तर तो भर दुपारी आतून कडी लावून एकटाच पाहत बसेल. तेव्हा ठरलं, ज्याला वेड नाही त्याला द्यायची. असा माणूस कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि एवढंच बोललो, "मी सिनेमा पायत नाई."

किल्ली मिळाली.

खोटं होतं. आता तुमच्यापासून काय लपवू? मी चौथीपर्यंत शिकलेला कोष्टी. सगळा जन्म मागावर गेला. सूत आणायला गांधीबागेत जातो म्हणून घरून निघायचो आणि दुपारच्या खेळाला सीताबर्डीवर बसायचो. एकटा. कोपऱ्यातली खुर्ची. टोपी डोळ्यांवर. तुम्हाला सांगतो, गाणी सगळी पाठ होती, मागावर धोटा इकडून तिकडे जायचा आणि माझं कडवं पुरं व्हायचं... पण मनातल्या मनात. ज्याला घरात धाक ठेवायचा त्याच्या तोंडून गाणं निघून चालत नाही. पोरं सिनेमाला गेली म्हणून मी त्यांना झोडपलं आहे, आणि झोडपताना तो सिनेमा मी आधीच पाहून आलेलो असायचो. मारोतराव सिनेमा पाहत नाही, हे मोहल्ल्याला माहीत होतं. मोहल्ल्याला एवढंच माहीत होतं.

मग माग बंद पडला. मुलगा हिंगण्याला कंपनीत लागला. घरात मला विचारून भाजीसुद्धा होईना. पण रविवारी संध्याकाळी चाळीस माणसं आखाड्यासमोर माझ्या कमरेकडे पाहत उभी राहायची. करदोट्याला किल्ली बांधलेली. मी आलो की वाट करून द्यायची. हे कोण सोडेल? तुम्ही सोडाल?

पण किल्ली ठेवायची तर वेड दाखवायचं नाही. मी कुलूप काढायचो, बटण फिरवायचो, आणि कपाटाशेजारी स्टूल टाकून लोकांकडे तोंड करून बसायचो. टीव्हीकडे पाठ. विडी बंद, शिटी बंद, मशीनला आणि अँटेनाला हात फक्त किल्लीवाल्याचा. नियम माझेच. आवाज कानात येतो, चित्र पाठीमागे. अहो, उकळत्या रश्श्यासमोर बसून उपास करावा तसं होतं ते.

माणूस सगळं शिकतो. मी चेहऱ्यांवरून सिनेमा पाहायला शिकलो. तुळजाबाईच्या पदराचं टोक दातात गेलं की समजावं, आई मेली. बाबूलाल मांडी बदलतो म्हणजे मारामारी येणार. आणि आमचा चंपतराव, माझ्याच वयाचा, रिटायर पोस्टमन, त्याचं तोंड उघडं पडलं की समजावं, नाचणारी आली. बुधवारी गाण्यांच्या कार्यक्रमात तर ते मिटतच नसे. अशी गाणी बायकापोरांसमोर नको म्हणून मी कपाटावर पंचा ठेवला होता. चंपतरावाचं तोंड उघडलं की हात मागं न्यायचा, पंचा काचेवर सोडायचा. वळायची गरज नाही. एकदा त्याला जांभई आली आणि शेतीच्या कार्यक्रमात बैलजोडीवर पंचा पडला. लोक कुरकुरले. मी म्हणालो, मला काय माहीत, मी सिनेमा पाहत नाही.

असं दोन वर्षं चाललं. आणि त्या शनिवारी बाबूलालनं पेपर वाचता वाचता सांगितलं, उद्या अमुक सिनेमा. मी पान तोंडात घालणार होतो, हात तिथंच थांबला.

तो सिनेमा मी पाहिला होता. अर्धा. बावीस वर्षांपूर्वी.

खून होतो. पकडतात भलत्याच पोराला. त्याची म्हातारी आई रात्रंदिवस खुनी शोधत फिरते. एका लग्नघरी ती दारात उभी राहते, आत पाहते, आणि तिला खुनी दिसतो. आपल्याला दिसत नाही. आपल्याला फक्त तिचा चेहरा दाखवतात, डोळे मोठे होतात, ओठ थरथरतात... आणि मध्यंतर! दिवे लागले. मी सुस्कारा टाकून शेजारी पाहिलं, तर शेजारच्या खुर्चीवर कोण? माझे सासरे. नत्थूजी, उमरेडचे, माळकरी माणूस, माझ्या लग्नात सिनेमाची गाणी वाजली म्हणून बँड परत पाठवणारे. त्यांच्या हातात फल्लीदाण्याची पुडी. ते माझ्याकडे पाहतात, मी त्यांच्याकडे. राम राम नाही, काही नाही. ते उठले, डाव्या दारानं गेले. मी उजव्या. ते वारले तोवर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही.

पण खुनी राहिला ना. बावीस वर्षं! विचारणार कोणाला? सिनेमा न पाहणारा माणूस खुनी कोण म्हणून विचारेल कसा? पहिली दहा वर्षं मी त्या पोराच्या मामावर संशय घेतला. मग वकिलावर. एकदा तापात मला असं वाटलं की खुनी नत्थूजीच आहेत.

आणि उद्या तो सिनेमा माझ्याच कुलपातून निघणार, माझ्याच पाठीमागे. बायकोनं, मैनाबाईनं विचारलं, जेवत काहून नाही? म्हटलं, भूक नाही. रात्रभर विचार केला. वळून पाहावं, तर किल्ली गेली. न पाहावं, तर... मी अडुसष्टचा. बाविसात अजून बावीस मिळवायला माझ्याजवळ नव्हती.

पहाटे डोक्यात आलं. आरसा. आखाड्यात पैलवानांचा मोठा आरसा होता, दंड पाहायचा. रविवारी दुपारी मी तो उचलून समोरच्या भिंतीवर टांगला, टीव्हीच्या बरोबर समोर, लोकांच्या डोक्यावर. चंपतराव आला, म्हणाला, "हे काहून टांगलं गा?" म्हटलं, मागच्या रांगेत कोण विडी ओढतो ते दिसावं म्हणून. तो आरशाकडे पाहतच राहिला. पण गेला चटईवर बसायला.

आणि तुम्हाला सांगतो, दिसला! दोन वर्षांनी पहिल्यांदा सिनेमा दिसला. उलटा होता, डावं उजवीकडे, पण आई ती आईच. मी तोंड दगडासारखं ठेवलं. तो पोरगा पकडला गेला. ती म्हातारी फिरू लागली. मला पुढचं प्रत्येक दृश्य माहीत होतं आणि तरी तळहाताला घाम. लग्नघर आलं. ती दारात आली. डोळे मोठे झाले, ओठ थरथरले...

आणि वारं सुटलं. मे महिन्यातलं आमचं वारं तुम्हाला माहीत आहे, धुळीनं दिवसा अंधार होतो. आरशात ती म्हातारी वाकडी झाली, लांबली, आणि गेली. नुसत्या मुंग्या. अँटेना फिरला.

चाळीस माणसं ओरडली, मारोतराव! बाबूलाल धावत वर निघाला तर म्हाताऱ्या जिजाबाईनंच त्याला अडवलं. म्हणाली, "हात लावू नको, किल्लीवाल्यानंच लावावा, नियम हाय." माझाच नियम. तो माझ्याच गळ्यात पडला.

शिडी लावली. अडुसष्टाव्या वर्षी छपराच्या कवेलूंवर चढलो. डोळ्यात धूळ, धोतर फडफडतं, पायाखाली कवेलू करकर वाजताहेत. पाइप धरला, फिरवला. खालून आवाज, "आलं, आलं, हलू नका जी!" सोडला की मुंग्या. धरला की आलं. म्हणजे मी धरून उभं राहायचं. किती वेळ? सिनेमा संपेपर्यंत.

बरं, ऐकू येत नसतं तर मी सहन केलं असतं. कवेलूंच्या फटींतून शब्द न् शब्द वर येत होता. कोर्ट भरलं. वकील बोलला, तो मामा बोलला, कोणीतरी रडलं, जज्जानं हातोडा आपटला. मग ती म्हातारी उठली असावी, कारण खाली एकदम सामसूम. जज्ज विचारतो, बोलो माँ, खूनी कौन है? ती दम घेते. माझाही दम वर. आणि ती म्हणते, "जज साहब, खूनी ये है."

ये!

ये म्हणजे कोण? नाव घे ना बाई! ती बोट दाखवत असणार, कोर्टात कल्लोळ झाला, सगळे ओरडताहेत, ये है, ये है, आणि नाव कोणी घेत नाही, आणि मी वर पाइपला मिठी मारून उभा, बावीस वर्षांचा खुनी माझ्या पायाखाली दोन हातांवर, आणि काय झालं मला कळलं नाही, एका हातानं पाइप धरला, खाली बसलो, दुसऱ्या हातानं एक कवेलू उचललं, डोळा लावला... काय दिसलं? टीव्हीचं कपाट. वरून. त्यावर घडी केलेला माझा पंचा.

आणि मी त्या भोकात तोंड घालून ओरडलो, "कोन हाय गा खुनी? मामा हाय का वकील?"

खाली चाळीस चेहरे वर वळले. एकाच वेळी. त्यांच्यावर कवेलूंची माती पडत होती तरी कोणी डोळे मिटले नाहीत. तुळजाबाई, बाबूलाल, जिजाबाई, माझी मैनाबाई. दोन वर्षं मी त्या चेहऱ्यांत सगळे सिनेमे पाहिले. या वेळी त्यांत खुनी दिसेना. त्यांत मीच दिसत होतो.

पाइप मात्र मी सोडला नव्हता. हे लिहून ठेवा. चित्र स्वच्छ होतं; लोक म्हणतात, तोवर नुसतं तिचं बोटच दिसत होतं, खुन्याचं तोंड नेमकं तेव्हा आलं असणार, फक्त पाहायला कोणी नव्हतं. लोकांनी मान खाली घातली तोवर आई-मुलगा गळ्यात पडले होते, शिपाई कोणाला तरी पाठमोरा घेऊन चालले होते, आणि समाप्त.

चाळीस म्हणतो, पण एकोणचाळीस. एक डोकं वर झालं नव्हतं. चंपतराव. वरून मला त्याचं टक्कल दिसत होतं आणि टकलाखाली उघडं पडलेलं तोंड. तो पाहत होता. त्यानं पाहिला. साऱ्या मोहल्ल्यात खुनी कोण ते त्या एका माणसाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी बैठक. मी करदोट्याची किल्ली सोडली आणि चटईवर ठेवली. मैनाबाई बायकांत बसली होती, तिनं फक्त मान हलवली. तिला गांधीबागेच्या सुताचं पहिल्यापासून माहीत होतं, हे मला घरी आल्यावर कळलं. असो. आता किल्ली कोणाला? पुन्हा तोच प्रश्न, कोणाला वेड नाही? आणि चंपतराव उठला. छाती काढून म्हणाला, "मी सिनेमा पायतच नाई. मी पंख्याखाली बसाले येतो." आणि लोकांनी मानलं! मी सांगू शकत होतो, की हा पाहतो, मी वरून पाहिला आहे. पण किल्ली गेलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

चार दिवस मी धीर धरला. पाचव्या दिवशी गेलो त्याच्या घरी. मी कोणाच्या दारात जात नाही, तुम्हाला माहीत नसेल, पण गेलो. चहा घेतला. उन्हाचं बोललो. त्याच्या पेन्शनीचं विचारलं. मग दार लोटलं आणि हळूच म्हणालो, चंपतराव, एवढंच सांग, मामा का वकील?

त्यानं दाराकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. करदोट्यावरून हात फिरवला.

"मारोतराव," म्हणाला, "मी कुठं सिनेमा पायतो गा?"

आता रविवारी मी पहिल्या रांगेत बसतो, टीव्हीकडे तोंड करून. हक्कानं. चंपतराव स्टुलावर, आमच्याकडे तोंड, टीव्हीकडे पाठ. आणि तुम्हाला खरं सांगतो, सिनेमात माझं लक्ष लागत नाही. मी त्याच्याच तोंडाकडे पाहत बसतो, कधी चुकून खुन्याचं नाव निघेल म्हणून. निघणार नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही सांगितलं नसतं.