पेडरची किटली

(उत्तर नॉर्वेतलं मासेमारीचं गाव. स्वयंपाकघरात सीवर्ट, त्याची बायको हाल्दिस, आणि शहरातल्या दवाखान्यात नर्स असलेली पुतणी राग्ना. शेगडीवर कॉफीची किटली.)

हाल्दिस : खरं सांग, लोणी कुठं लपवतोस? बोटीवर?

सीवर्ट : अगं, कसलं लोणी! उन्हाळ्यापासून जिभेला लागलं असेल तर शपथ. वॉफल सोडले, चीज सोडलं. कोरड्या पावाशी मासे गिळतोय.

हाल्दिस : मग रक्तात कुठून आलं? राग्ना, हा रिपोर्ट तूच बघ. साखर छान उतरली, पण वाईट कोलेस्टेरॉल वर चढलंय.

सीवर्ट : साखर उतरली ना? मधुमेहात आणखी काय हवं?

राग्ना : काका, बाबा साखरेनं नाही गेले. हृदयानं गेले. मधुमेहात हृदयाचं दुखणं गुपचूप येतं, कळतही नाही. गोळी घेता ना?

सीवर्ट : रोज. हिच्यादेखत.

हाल्दिस : माझ्यादेखत गोळी, आणि पाठीमागे?

सीवर्ट : पाठीमागे काही नाही! भूक लागली की कॉफी पितो. बिनसाखरेची. तेवढीच चैन उरलीय, तीही काढून घे.

हाल्दिस : ते खरंय बाई. केक मागितला की मीच म्हणते, कॉफी पी. हल्ली किटली शेगडीवरून उतरतच नाही. तू घे ना, राग्ना.

राग्ना : काकू, अजून पूड उकळूनच करता? गाळत नाही?

हाल्दिस : गाळायची कशाला? गाळ बसतो खाली. तुझ्या आजीपासून अशीच.

राग्ना : काकू, लोणी सोडा. चोर तुमच्या शेगडीवर बसलाय. कॉफीत तेल असतं, कागदातून गाळलं नाही तर ते कपात उतरतं. कोलेस्टेरॉल चढवतं.

सीवर्ट : म्हणजे मी इतके महिने लोण्यावाचून तडफडलो...

हाल्दिस : चोर सोडून संन्याशाला फाशी. चुकलं माझं, उगाच संशय घेतला.

राग्ना : लोणीही काही संन्यासी नाही हं, काका. ते परत मिळणार नाही.

सीवर्ट : कागदातली कॉफी म्हणजे शहरातलं पाणी. आणि ही पेडरची, तुझ्या बापाची किटली आहे, पोरी. तो गेला त्या दिवशीही त्याच्या बोटीवर गरम होती. ती गरम असली की वाटतं, आत्ता दार ढकलून येईल.

राग्ना : मलाही वाटतं. बाबा कॉफीनंच गेले असं मी म्हणत नाही. साखर होती, रक्तदाब होता, सिगारेट तर सुटलीच नाही. पण बोट ओढून आणली तेव्हा धक्क्यावर मी उभी होते, काका. पुन्हा नाही उभी राहणार.

हाल्दिस : ऐकलंस ना, सीवर्ट?

सीवर्ट : किटली टाकायची नाही.

राग्ना : नका टाकू. पाणी तापवा तिच्यात. कॉफी मात्र कागदातून.

हाल्दिस : मागच्या नाताळात धाकट्या जावेनं गाळायचे कागद दिले होते. फडताळात तसेच पडलेत. हे घे.

सीवर्ट : दे इकडे. मीच ओततो.

राग्ना : हळू. कागद फाटेल... कशी लागते?

सीवर्ट : पांचट.

हाल्दिस : मग?

सीवर्ट : मग काय? पिणार. पुन्हा रक्त कधी द्यायचं?

राग्ना : दोन-तीन महिन्यांनी.

सीवर्ट : हाल्दिस, कागद किती आहेत?

हाल्दिस : भरपूर. हिवाळा सरेल.

सीवर्ट : एका हिवाळ्यानं काय होतंय? आणखी आण.