कंदिलातलं एक चित्र

कल्याण स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहणाऱ्या विमलाबाईंची जपमाळ शेजारचं बोलणं ऐकून बोटांतच थांबली. शेजारी बसलेली नवी शिक्षिका वासंती नोकरी सोडून खडवलीला घरी निघाली होती, आणि शाळेतल्या जुन्या सुमतीबाई तिला अडवायला धावत आल्या होत्या.

“अगं, झालं तरी काय?”

“जादूच्या कंदिलातून तासाभरात भिंतीवर चाळीस चित्रं दाखवली, बाई. अंधारात अख्खा वर्ग झोपला.”

“कीर्तनात बुवा निरूपणाला अभंग किती घेतात?”

“एकच.”

“मग तूही एकच चित्र लाव, आणि मुलांना बोलू दे.”

“हसतील मला.”

“पहिल्याच दिवशी मी हत्ती उलटा दाखवलेला!”

“मग? मुलं हसली?”

“छे गं! माना वाकड्या करून बघत राहिली, मला वाईट वाटू नये म्हणून.”

वासंतीला खुदकन हसू आलं.

“वासंती, गाडी आली तुझी.”

“जाऊ दे ती गाडी, बाई. दुपारचा वर्ग अजून माझाच आहे ना?”