मुरुमांच्या मलमाचं बिल

आमच्या जाधवकाकांचं तुम्हाला सांगितलंच नाही मी. बाबांच्या सातपूरच्या कारखान्यात कामगारांच्या घरच्यांची औषधाची बिलं तेच मंजूर करायचे. माझे मुरूम तेव्हा इतके पिकले होते, की झोपताना गाल उशीला टेकवत नसे. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. काका म्हणाले, "पोरी, मुरूम हा काही आजार नाही. नटण्याचा खर्च कंपनी देत नसते." बाबांनी बिल घडी घालून खिशात ठेवलं.

पुढच्याच महिन्यात काका स्वतःच्या भाच्याचं स्थळ घेऊन आमच्याकडे आले. पोहे खाताना माझ्याकडे बघत आईला म्हणाले, "वहिनी, हा चेहऱ्याचा आजार लग्नापर्यंत बरा होईल ना?"

मी म्हटलं, "काका, आजार असेल तर बिल मंजूर करा. नसेल तर पोहे संपवा."

आईने डोळे वटारले. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "जाधव, सोमवारी बिल परत आणतो."