तीन कप्पे मोडून एक

शनिवारी दुपारी सव्वादोनला सुरू झालं बघा हे सगळं, आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, चालतंय त्याला हात लावू नका! पण ऐकतील तर ते आमचे हे कसले? इथे जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी सातवी पास, माझं कोण ऐकतंय!

झालं काय, जुना लॅपटॉप मेला. म्हणजे पुरता नाही, आतली हार्ड डिस्क जिवंत होती. ह्यांनी ती उपसून एका डबीत बसवली आणि म्हणतात, "प्रिया, हिच्यात तीन कप्पे पाडलेत गं, उगाच! मोडून एकच मोठा करतो, मग ठेव काय ठेवायचं ते." मी म्हटलं, अहो, मैत्रेयीच्या बारशाचा व्हिडिओ आहे त्यात, माझ्या आईने म्हटलेला पाळणा! तुम्हाला सांगते, अडीच वर्षांची झाली पोर, पण तो लावल्याशिवाय दुपारी डोळा मिटत नाही; ती झोपते तेवढीच माझी पाठ टेकते. तर हे काय म्हणतात? "बॅकअप घेतलाय गं!"

जीव राहीना. परत विचारलं, नक्की ना? "गेनाऊ, अगदी नक्की! बॅकअप घेतलाय गं!"

दाबलं बटण. झाला एकच कप्पा, हा एवढा मोठ्ठा, आणि आत... चिटपाखरू नाही! म्हटलं, आणा आता तुमचा बॅकअप. तर ह्यांचे कान लालबुंद. कुठे घेतला होता विचारा ना! दुसऱ्या कप्प्यातलं उचलून तिसऱ्या कप्प्यात! त्याच डिस्कच्या! अहो, घर पाडायचं म्हणून कोणी ह्या खोलीतलं सामान त्या खोलीत नेऊन ठेवतं का?

मग आईला फोन लावला. "हात्तिच्या, एवढंच ना? म्हणते की परत!" म्हटला बिचारीने, पहिल्यापेक्षा गोड म्हटला. मैत्रेयीने कान देऊन ऐकला आणि ठणकावून सांगितलं, "नाइन! फाल्श!" चूक म्हणे! कशी चूक? तर बारशाच्या दिवशी पाळण्याच्या मधोमध आमच्या कुकरची शिट्टी झाली होती. पोरीला ती शिट्टी पाहिजे!

तेव्हापासून रोज दुपारी मी फोन धरते, तिकडून आई गाते, आणि 'बॅकअप घेतलाय गं' म्हणणारे आमचे हे ऑफिसची मीटिंग म्यूट करून दारात उभे राहतात आणि तोंडाने शिट्टी काढतात. तरी ती झोपत नाही हो... हसत सुटते!

म्हणून सांगते, बारशाला आलेल्या कुणी तो पाळणा फोनवर घेतला असेल तर पाठवा. सगळ्यांच्या कानावर घाला, म्यूनिकहून आलेल्यांच्यासुद्धा. फक्त माझ्याच फोनवर पाठवा बरं का... ह्यांच्याकडे दिलात तर हे नीट ठेवतील.