सायकल टपावर

भिवंडी स्टँडवर ठाण्याच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ सायकल धरून, पाय फाकवून उभे होते. मित्र समजूत घालत होता. दोघे चार दिवस कसारा, भंडारदऱ्याचे घाट सायकलने करून परतले होते.

"शरद, सगळे घाट चढलास आणि आता सपाटीला एसटी?"

"घाटात दुखत होतं, तरी चढत होतो, दत्तोपंत. आता सपाटी आली तर बूड टेकवत नाही. काय झालंय, कळत नाही."

"सोललेल्या जागी बाम चोळलास, ते झालंय."

"दुखण्यावर आमच्या घरी बामच लावतात."

"सुमतीवहिनी निघतानाच म्हणाल्या होत्या, येताना एसटीनेच याल."

"तेच तर. तिला काय सांगू?"

एसटी आली. सायकल टपावर चढली, दत्तोपंत आपल्या सायकलवरून पुढे गेले. गाडी सुटली तरी हे उभेच.

"साहेब, अर्धी गाडी रिकामी हाय, बसा की," कंडक्टर म्हणाला.

"बसता आलं असतं तर सायकलवरच नसतो का बसलो?"

"मंग ठाण्यापातूर उभ्यानंच?"

"हो. नाही, थांबा. ठाण्याच्या अलीकडे, कशेळीला सायकल खाली काढता येईल?"

"तिथून काय करनार?"

"पेडलवर उभा राहून घरी जाईन. बायको गॅलरीत वाट बघत असेल."

"आन् घरी पोचल्यावर?"

गृहस्थांनी दांडा आणखी घट्ट धरला.

"घरी जेवायला बसावं लागेल, नाही का?"