एक्केचाळीस नंबरचा फ्लेक्स

सन्माननीय अध्यक्ष बब्रुवानराव, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, पहिल्या रांगेत बसलेले सत्कारमूर्तीचे वडील कल्याणप्पा, आणि जळकोटच्या माझ्या बहिणींनो, भावांनो! बत्तीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं, शिवप्रिया माझ्याच हाताखालून गेली, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी चार बोलणार. रागवायचं त्यांनी खुशाल रागवावं.

मागचा फ्लेक्स बघा. ‘जगात ४१ वा क्रमांक!’ आणि खाली पोरीचा फोटो. काल बसथांब्यावर एक आजी मला म्हणाल्या, “व्हय बाई, कल्याणप्पाची लेक जगात एक्केचाळिसावी आली म्हणं?” अहो आजी, नंबर तिला प्रवेश मिळालाय त्या इंग्लंडातल्या विद्यापीठाचा! पण आपल्याला नंबर दिसला की झालं. कुणाचा, कशाचा, कोण विचारतो?

मी विचारते. शिवप्रियाला शिकायचंय काय? शेळ्यांची करडं पहिल्या महिन्यात का मरतात, ते. पशुवैद्य झाल्यापासून तिला हा एकच ध्यास. आणि त्या एक्केचाळीस नंबरवाल्यांकडं शेळीच न्हाय! तिनं विचारलं तर म्हणाले, उंदरांवर काम करा. तिला बोलावणारं दुसरं विद्यापीठ ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातलं. नंबर पाचशेच्या पुढं. पण आवारात हजारभर शेळ्या, आणि शिकवायला याच विषयात वीस वर्षं घालवलेल्या बाई. त्या स्वतः पोरीशी तासभर फोनवर बोलल्या, तिलाच उलटे प्रश्न विचारले.

यावर घरात काय झालं? कल्याणप्पा म्हणाले, “शंभराच्या आतलं असंल तर जा, न्हायतर घरी बस. पाव्हण्यांत तोंड दाखवायचंय मला.” शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! पोरीनं या ध्यासापायी चार वर्षं जिवाचं रान केलं, आणि पाव्हण्यांना नंबर खालचा वाटतो. मला संताप आला, आजही येतोय.

एक घरचीच गोष्ट सांगते. आमचे मालक हसतायत बघा मागं. एकदा प्रदर्शनात त्यांनी पहिल्या नंबरची शेळी बघितली आणि भाळले. गळ्यात बिल्ला, अंग काळंभोर, तुकतुकीत. आणली वाजतगाजत. तिला झालं एकच करडू, आणि त्यालाही दूध पुरेना. परीक्षकांनी नंबर दिला होता उंचीला आणि रंगाला. कास कुणी बघितलीच न्हवती! तेव्हा भर चौकात मालकांना सुनावलं कुणी? याच कल्याणप्पांनी. “बिल्ला काय बघता? आईची वेतं विचारा, किती बाळंतपणं झाली, कशी झाली. तिची पिल्लं कुणाकडं हायत, कशी हायत, ते बघून या.” आठवतंय न्हवं, कल्याणप्पा?

आता यादी वाईट असं मी म्हणत न्हाय. ती चाळणी म्हणून वापरा. बोगस विद्यापीठं गळून पडतात. नंबर कशाकशाला दिलाय ते वाचा, आपल्या विषयाची वेगळी यादी असते ती बघा. पण पुढची पारख आपली आपणच करायची.

आणि हो, इंग्लंडला नकार गेलाय! आज सकाळी, माझ्या घरी बसून तिनं लिहिला. मजकूर तिचा, चहा माझा. ऑस्ट्रेलियाचा होकार मात्र अडलाय. उद्या मुदत संपते, आणि ही वेडी म्हणते, अप्पांनी हो म्हटल्याशिवाय पाठवणार न्हाय. म्हणून बोलतेय मी एवढं, कल्याणप्पा. शेळीच्या बाबतीत तुम्हाला जे कळतं, ते लेकीच्या बाबतीत का कळू नये?

उठलात? जाऊ नका. बोला, बोला, माइक नको, ऐकू येतंय.

मंडळी, ऐकलंत का? ते विचारतायत, “त्या बाईंच्या हाताखाली शिकलेली पोरं आता कुठं हायत? काय करतात?”

बास! माझं काम झालं. संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, लई आभारी आहे. फ्लेक्सवरून बोलले, त्याबद्दल अध्यक्षांनी पोटात घालावं. कल्याणप्पांची माफी मात्र मी मागत न्हाय. शिवप्रिया, इकडं ये, माइक घे. अप्पांनी वेतं विचारलीत, सांग त्यांना.